पद्मिनी : सकाळी एका सेल्फला, तापली की हलत नाही. टायमिंग की पेट्रोल?

चौथा_गिअर | शनिवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८५ची. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे. स्टिअरिंगवरचा गिअर, पॉइंटचा डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर; पॉइंट म्हणजे त्यातली उघडमीट करणारी टोकं), सोलेक्स कार्बोरेटर, सगळं मूळचं आहे.

तक्रार अशी: सकाळी चोक ओढून सेल्फ मारला की लगेच चालू. पण गाडी नीट तापली, बंद केली आणि पुन्हा सेल्फ मारला की "घुर्र" करून एकदाच फिरते आणि अडकते. मधूनच उलटा झटका बसतो, खटाक असा आवाज येतो. मागच्या रविवारी सासवडला निघालो होतो. दिवे घाट चढून वर मस्तानी तलाव बघायला थांबलो, तर परत चालूच होईना. शेवटी दोघा ट्रॅक्टरवाल्यांनी ढकलली, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये पहिल्याच धक्क्याला चालू झाली. तासभर उभी राहिली तर सेल्फवरही चालू होते.

बॅटरी नवी आहे. थोडी पार्श्वभूमी: उन्हाळ्याच्या तोंडावर पिकअप कमी वाटत होता म्हणून घराजवळच्या एका मेकॅनिककडे नेली होती. त्याने डेल्को थोडा फिरवला, पिकअप खरंच सुधारला. आता तो म्हणतो सेल्फचं आर्मेचर (आतली फिरणारी गुंडाळी) बांधून घ्या. दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, जुन्या गाडीचं हे असंच होणार. तिसऱ्याने काही न सांगता प्लग बदलले आणि पैसे घेतले.

काय बघू आधी?

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:४०

सरळ सरळ व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. गाडी बंद केली की पंखाही थांबतो आणि पाणीही फिरायचं थांबतं, पण ब्लॉकमधली उष्णता कुठे जाणार? वर येते. पहिली दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखाली चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतं. एसी पंपात (इंजिनावरचा पेट्रोल पंप, एअरकंडिशनर नव्हे) आणि कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उकळतं. आमच्या फियाटला आम्ही एसी पंपावर ओलं फडकं टाकायचो आणि बाटलीभर पाणी ओतायचो. पाच मिनिटांत चालू. खंडाळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत सगळे हेच करायचे.

आणि ई२०ने (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने) ते वाढलंय. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं हे खरं, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांबरोबर मिसळलं की ते मिश्रण त्याहून कमी तापमानाला वाफ धरतं. म्हणून पन्नास ते सत्तर अंशांच्या पट्ट्यात पूर्वीपेक्षा जास्त वाफ होते. पार्क केलेल्या गाडीच्या कार्बोरेटरचं तापमान नेमकं तिथेच असतं.

शेवटचा_बाक | शनिवार, रात्री ९:५२

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी सोडली. तुम्ही कशाला अडकलाय राव :)

चौथा_गिअर | शनिवार, रात्री १०:०५

@शेवटचा_बाक बाबांना तुमचा निरोप देऊ का? फोन नंबर कळवा, तेच बोलतील.

@घाटमाथा पाणी ओतून पाहिलं होतं हो. फरक पडला नाही. आणि पेट्रोलचा प्रश्न असेल तर सेल्फ का अडकतो, हे मला कळत नाहीये.

टॅपेट_काका | रविवार, सकाळी ६:३०

चौथा_गिअर, शेवटच्या वाक्यात तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच दिलंय.

तापलेली गाडी चालू होत नाही, ही एक तक्रार नसते. सेल्फ मारल्यावर कान द्यायचा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर बघायचं पेट्रोल किंवा करंट. इंजिन फिरतच नाही, जड जातं, अडकतं, तर पेट्रोलकडे बघायचंच नाही. पेट्रोलची वाफ झाली म्हणून सेल्फ जड होत नसतो. घाटमाथा यांचं फडकं खरं आहे, मीही टाकलंय, पण ते पहिल्या प्रकाराचं औषध आहे. तुमचा प्रकार दुसरा.

आता जड जाण्याची कारणंही दोनच. एक, सेल्फला पुरता करंट मिळत नाही (बॅटरीच्या तारा, अर्थिंग, सेल्फ स्वतः). दोन, सेल्फ ढकलतोय आणि इंजिन त्याला उलटं ढकलतंय. ते उलटं ढकलणं म्हणजे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे, म्हणजे लवकर, गेलेलं. सेल्फवर इंजिन मिनिटाला दीड-दोनशे फेऱ्या फिरतं. त्या वेगाला ठिणगी जर फार लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आत मिश्रण पेटून दाब तयार होतो आणि पिस्टनला परत खाली ढकलतो. थंड इंजिनात मिश्रण सावकाश पेटतं म्हणून निभावतं. तापलेल्यात लवकर पेटतं, आणि त्याच वेळी तापलेल्या सेल्फची ताकदही कमी झालेली असते. तुमचा "खटाक" हाच असावा. ढकलून चालू होते, त्याचंही कारण हेच, कारण ढकलताना इंजिन सेल्फपेक्षा जास्त वेगाने फिरतं आणि पिस्टन झटक्यात पुढे निघून जातो.

दोन्ही कारणं वेगळी करायला एक पैसा लागत नाही. गाडी चांगली तापवा. नेहमी अडकते तिथे बंद करा. कॉइलपासून डेल्कोला जाणारी बारीक तार काढा, म्हणजे ठिणगी पडणारच नाही. आता सेल्फ मारा.

मोकळं फिरलं तर सेल्फ आणि बॅटरी निर्दोष, टायमिंग पुढे आहे. ठिणगीशिवायही तसंच अडकलं, तर मल्टिमीटर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (तारेच्या चिमट्याला नाही, खांबाला), दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर खरवडलेल्या जागी, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थिंगची पट्टी खराब. या वयाच्या गाड्यांत इंजिन ते बॉडी ही पट्टी हमखास गंजलेली निघते आणि बिचारं आर्मेचर बांधून होतं.

आर्मेचर आधी बांधू नका.

अँबीवाली | रविवार, सकाळी ८:१०

काकांच्या वर्गीकरणाला माझी पुस्ती. माझी अँबॅसडर तापली की इंजिन व्यवस्थित फिरायचं, पण पेटायचं नाही. म्हणजे काकांचा पहिला प्रकार. मीही इथेनॉलला शिव्या घालत होते. निघाला कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर). थंड असताना ठीक, तापला की आतून गळायला लागायचा. ठिणगी निळी आणि टकटकीत हवी, माझी पिवळी, मेलेली होती. पॉइंटच्या एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्यावर तेवढाच टेंगूळ दिसला की कंडेन्सरकडेच बोट दाखवायचं.

कॉइलही तपासा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ३ ओहम दाखवणारी कॉइल नव्वद अंशांना ३.७च्या आसपास जाते, म्हणजे करंट तेवढा कमी. हे कुठल्याही चांगल्या कॉइलला होणारच. पण आतलं इन्सुलेशन जुनं असेल तर तापल्यावर ठिणगी आतल्या आत फुटते आणि मीटरला ते दिसतही नाही. म्हणून मी डिकीत एक जुनी पण चालू कॉइल आणि कंडेन्सर ठेवते. संशय आला की सरळ बदलून बघायचं.

ग्रीन_टॅक्स_गिरीश | रविवार, सकाळी ८:३०

मंडळी, पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग करायला आरटीओत किती दिवस लागतात सध्या? कागद कोणते?

अँबीवाली | रविवार, सकाळी ८:३४

गिरीशभाऊ, त्यासाठी नवा धागा काढा. इथे आधीच इंजिन तापलंय.

कुर्ला_नाका | रविवार, सकाळी ११:२०

आमच्या वडिलांचं गॅरेज, आयुष्यभर टॅक्सीची कामं. टायमिंग लाइट वगैरे कधी वापरली नाही. डेल्कोचा नट ढिला करायचा, कानाने इंजिन "सुटलं" की थोडं मागे, चढावर नॉकिंग (इंजिनाची टकटक) येईपर्यंत पुढे आणि मग केसभर मागे. हजारो गाड्या अशाच केल्या. यांच्या मेकॅनिकने तेच केलंय, त्यात वाईट काय? पिकअप आला ना?

टॅपेट_काका | रविवार, दुपारी १२:०५

कुर्ला_नाका, तुमच्या वडिलांच्या हातांबद्दल मला आदरच आहे. पण ती रीत त्या पेट्रोलची होती. टॅक्सीत ८७ ऑक्टेन (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याची पेट्रोलची ताकद) भरत होते तेव्हा नॉकिंग लवकर यायचं, आणि तेच तुम्हाला थांबवायचं. नॉकिंगच्या काठावर उभं राहून केसभर मागे आलात की टायमिंग बरोबर जागी बसायचं.

आता पंपावर येणारं पेट्रोल पूर्वीपेक्षा वरच्या ऑक्टेनचं आहे, त्यात वीस टक्के इथेनॉल, ज्याचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर. पद्मिनीचं कॉम्प्रेशन आजच्या गाड्यांच्या मानाने कमीच. या जोडीत तुम्ही डेल्को कितीही पुढे फिरवा, नॉकिंग येतच नाही. तो काठच आता लांब गेलाय, तुम्हाला थांबवायला कुणी नाही. मेकॅनिक फिरवत राहतो, आयडल (ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढतं, इंजिन "सुटल्यासारखं" वाटतं, गिऱ्हाईक खूश. आणि घाटावर सेल्फ अडकतो.

इथेनॉलला दोष द्यायचाच असेल तर तो या वाटेने द्यावा. वाफ वगैरे नंतर.

घाटमाथा | रविवार, दुपारी १२:३०

हे पटलं. पण काका, दिवे घाट चढताना पूर्ण भार असतो, तिथे इतकं पुढे असून नॉकिंग नाही?

टॅपेट_काका | रविवार, दुपारी १२:४८

चांगला प्रश्न, आणि तिथेच मला दुसरा संशय आहे. मेकॅनिककडे नेली ती मुळात पिकअप कमी म्हणून. का कमी होता? आधी तारेची चाचणी होऊ द्या, मग सांगतो.

चौथा_गिअर | सोमवार, रात्री ८:५०

चाचणी केली. स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून कात्रजपर्यंत नेऊन आणली, काटा चांगला वर. बिल्डिंगखाली बंद करून लगेच सेल्फ मारला, अडकला. कॉइलची तार काढून सेल्फ मारला तर असा सुसाट फिरला की वॉचमन बघायला आला. तार लावली, पुन्हा अडकला. परत काढली, मोकळा. बिल्डिंगच्या काकूंनी वरून विचारलं, "चालू होतेय की नाही होतेय, एक काय ते ठरवा."

अर्थिंग ०.२ व्होल्टच्या आत आहे. म्हणजे टायमिंग.

आता डेल्को अंदाजाने मागे फिरवू का?

टॅपेट_काका | सोमवार, रात्री ९:३०

अंदाजाने नको. अंदाजानेच पुढे गेलंय ते.

आधी पॉइंटचा गॅप. हे लोक विसरतात. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकतं. फट मोठी केली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. फट कमी झाली (पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली की हळूहळू होतेच) की मागे. म्हणून क्रम ठरलेला: पॉइंट साफ, टाच कॅमच्या उंचवट्यावर, फीलर गेजने हँडबुकातली फट, आणि मगच टायमिंग. उलट केलंत तर दोनदा करावं लागेल.

मग टायमिंग लाइट. मिळत असेल तर उसनी आणा. एक नंबरच्या प्लगच्या तारेला चिमटा, लाइट पुलीवरच्या खुणेवर. खुणेवर खडूने बारीक रेघ ओढा, नाहीतर काळ्यावर काळं दिसत नाही. डेल्कोला व्हॅक्युमची डबी असेल तर तिची नळी काढून बोळा घाला. इंजिन गरम, आयडल जमेल तितकं खाली.

एक युक्ती सांगतो. पुलीवर अंशांची पट्टी नसते. दोरीने पुलीचा घेर मोजा, ३६०ने भागा. समजा घेर ४३२ मिलिमीटर आला, तर एक अंश म्हणजे १.२ मिलिमीटर. कागदाची पट्टी कापून दर पाच अंशांना ६ मिलिमीटरवर रेघ मारा आणि ती पुलीवर चिकटवा. झाली अंशांची पट्टी.

दोन आकडे लिहून घ्या. एक आयडलला, आणि दुसरा ॲक्सिलरेटर देऊन तीन हजारांच्या आसपास. दुसऱ्याची मला जास्त उत्सुकता आहे.

लाइट मिळाली नाही तर १२ व्होल्टचा बल्ब: एक टोक कॉइलच्या डेल्कोकडच्या स्क्रूला, दुसरं बॉडीला, इग्निशन चालू. प्लग काढून, चौथ्या गिअरमध्ये गाडी इंचाइंचाने पुढे ढकलत एक नंबर कॉम्प्रेशनवर आणायचा, खूण जुळवायची, मग डेल्को हळूच फिरवायचा. बल्ब ज्या क्षणी लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले, तीच ठिणगीची वेळ. पण बल्बने फक्त उभ्या इंजिनाचं टायमिंग कळतं. पळत्या इंजिनात काय होतं ते लाइटच सांगते.

मिलिव्होल्ट | सोमवार, रात्री १०:१५

इतका खटाटोप कशाला? पॉइंट काढून टाका, डेल्कोत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं. पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, गॅप नाही. मी माझ्या जुन्या जीपला बसवलं, विसरून गेलो.

टॅपेट_काका | सोमवार, रात्री १०:४०

चांगली वस्तू आहे, मी विरोध करत नाही. पण ती पॉइंटच्या जागी बसते. डेल्को ज्या कोनात फिरवून ठेवलाय तो कोन तसाच राहतो, आणि पॉइंटच्या पाटाखाली जे काही आहे तेही तसंच राहतं. नव्या मॉड्यूलवर तोच खटाक ऐकायला मिळेल, फक्त महाग.

नानापेठी | मंगळवार, सकाळी १०:००

चौथा_गिअर, पॉइंट-कंडेन्सर घ्यायचे असतील तर नाना पेठेत दोन-तीन दुकानांत विचारून घ्या, पहिल्यावर थांबू नका. पॉइंटची टाच बोटाने दाबून बघा, ठिसूळ लागली तर ठेवून द्या परत. कॅमवर ग्रीसचा ठिपका द्यायला विसरू नका, तांदळाएवढा, जास्त नको. जास्त दिलंत तर उडून पॉइंटवर जातं आणि परत गाडी बंद.

चौथा_गिअर | बुधवार, रात्री ९:२०

लाइट ऑफिसातल्या एका मित्राकडे मिळाली. पॉइंटची फट बरीच मोठी निघाली, हँडबुकाप्रमाणे केली. त्यानेच टायमिंग काही अंश मागे आलं असणार. त्यानंतर बघितलं तर:

आयडलला जवळपास २२ अंश पुढे. तीन हजारांना, काका, २४. फारतर २५. खूण हलतच नाही म्हटलं तरी चालेल. एसटीच्या थांब्यावरच्या माणसासारखी उभी आहे जागेवर.

हँडबुकातल्या आकड्याच्या कितीतरी पुढे आहे आयडलचं. आणि बाकीचं? वाढायला नको होतं?

टॅपेट_काका | बुधवार, रात्री ९:४५

वाढायलाच हवं होतं. हाच तो दुसरा संशय.

डेल्कोच्या पोटात, पॉइंटच्या पाटाखाली, दोन वजनं असतात आणि त्यांना दोन स्प्रिंग. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि वरचा कॅम थोडा पुढे सरकवतात. म्हणजे आयडलला टायमिंग कमी, वेग वाढेल तसं ते आपोआप पुढे. वेगात इंजिनाला पेटायला वेळ कमी मिळतो, म्हणून ठिणगी आधी लागते. तुमची वजनं अडकलेली आहेत. बंद अवस्थेतच.

आता सगळं एका ओळीत बसतं. वजनं अडकली, म्हणून वेगात टायमिंग पुढे जाईना, म्हणून पिकअप मेला. मेकॅनिकने कारण न शोधता अख्खा डेल्कोच पुढे फिरवला. वेगात जे हवं होतं त्याच्या जवळपास मिळालं, पिकअप आला. पण तेच टायमिंग आता सेल्फ मारतानाही तेवढंच पुढे आहे, जिथे ते सर्वांत कमी हवं. आणि घाटमाथा, तुमच्या प्रश्नाचंही उत्तर यातच: वेगात एकूण ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी ते) चांगल्या डेल्कोपेक्षा जास्त होतच नव्हता, म्हणून घाटात नॉकिंग नाही.

खात्री करा: डेल्कोचं झाकण काढा, रोटर (झाकणाखालचा फिरता तुकडा) बोटांत धरून तो ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पिळा. थोडा फिरून सोडल्यावर टचकन परत यायला हवा. फिरलाच नाही, किंवा फिरला आणि तिथेच राहिला, तर आत गंज.

कुर्ला_नाका | बुधवार, रात्री १०:१०

काका, हे मान्य. वडीलही रोटर पिळून बघायचे, मला वाटायचं सवय आहे हाताला. आता कळलं काय बघत होते.

डेल्को काढणार असाल तर एक सांगतो: काढण्याआधी रोटर कुठे बघतोय आणि डेल्कोचं अंग ब्लॉकवर कुठे आहे, दोन्हीकडे पांढऱ्या रंगाने खूण करा. आणि काढल्यानंतर इंजिन फिरवू नका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगच्या तारांवर नंबर चिकटवा. एका डॉक्टरसाहेबांनी स्वतः काढला होता, मग गाडी टोचन करून आमच्याकडे आली.

चौथा_गिअर | शनिवार, रात्री ११:०५

काम झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण शोधताना मला मराठीत असं कुठे मिळालं नाही.

रोटर पिळला, जागचा हलला नाही. खुणा करून डेल्को काढला, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. पॉइंटचा पाट उचलला तर खाली सुकलेलं ग्रीस, काळं, डांबराच्या वडीसारखं कडक. एक वजन खिळ्यावर गंजाने पार धरलेलं, दुसरं कसंबसं हलत होतं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी वजन पक्कडीने न ओढता लाकडाच्या तुकड्याने हळूहळू मागे-पुढे करत सोडवलं. खिळे बारीक पॉलिश पेपरने घासले, पेट्रोलने धुतले. मधल्या शाफ्टवर कॅमची बाही बसते तिथेही तसाच गंज होता, ती वर ओढून काढून साफ केली. बाबा शेजारी बसून "आमच्या वेळी रोटरखाली वर्षाला दोन थेंब ऑइल टाकायचे" असं सांगत होते. गेली कित्येक वर्षं कुणी टाकलं नसणार.

दोन्ही स्प्रिंगा वेगवेगळ्या दिसल्या, एक बारीक तारेची, दुसरी जाड आणि तिचा आकडा लांबट, खिळ्यात सैल. मला वाटलं कुणीतरी चुकीची घातलीय, जुन्या बाजारात जोडी शोधणार होतो.

नानापेठी | शनिवार, रात्री ११:२०

थांबा, बदलू नका! पुष्कळ डेल्कोंत त्या मुद्दामच वेगळ्या असतात. सुरुवातीला बारीक स्प्रिंग एकटी काम करते, ॲडव्हान्स भरभर चढतो. वेग वाढला की लांब आकड्याची मोकळीक संपते, जाड स्प्रिंग लागू होते, मग चढण मंद. दोन्ही बारीक घातल्या तर मधल्या वेगातच सगळा ॲडव्हान्स येईल, आणि मग नॉकिंग म्हणजे काय ते ई२०वरसुद्धा कळेल.

चौथा_गिअर | शनिवार, रात्री ११:३२

नाही बदलल्या, हँडबुकातलं चित्र बघून तशाच ठेवल्या. दोन्ही शाबूत आहेत.

जोडणी करून, खुणा जुळवून डेल्को बसवला. बल्बने उभं टायमिंग लावलं, मग लाइटने हँडबुकाच्या खुणेवर आणलं. ॲक्सिलरेटर दिला की आता खूण सरसर पुढे जाते आणि सोडला की परत जागेवर. बघत बसावंसं वाटतं.

आज भर दुपारी परत दिवे घाट. वर थांबलो, बंद करून लगेच सेल्फ मारला, तर थंड गाडीसारखी फिरली. पिकअप मेकॅनिकने केला होता त्याहून बरा, विशेषतः तिसऱ्या गिअरमध्ये.

पण एक राहिलंय. वर पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारला तर फिरते छान, पण पेटायला वेळ घेते. पेट्रोलचा वास येतो. पेटल्यावर काळा धूर, मग ठीक.

घाटमाथा | रविवार, सकाळी ७:००

हा घ्या माझा प्रकार! कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतंय, गाडी ओव्हर होतेय. ॲक्सिलरेटर पंप करू नका, प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल जातं. पायाने पूर्ण खाली दाबून धरा, तसाच ठेवून सेल्फ मारा. हवा जाऊन जास्तीचं पेट्रोल निघून जातं. पेटली की हळू सोडा.

आणि कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर शाबूत आहे का बघा. बरेच जण तो फुटल्यावर साधं पातळ पॅकिंग घालतात, मग मॅनिफोल्डची धग सरळ वाटीला.

अँबीवाली | रविवार, सकाळी ९:१५

फ्लोटची पातळीही तपासा, आणि निडल झिजली असेल तर बदला. आणि हात घालताय तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि एसी पंपाचा डायफ्रॅम पण बघून घ्या. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, पाइप आतून फुगून मऊ होतात. माझा बाहेरून नवा दिसत होता, बोटाने दाबला तर चिकट निघाला. एक्झॉस्टच्या इतक्या जवळ पेट्रोल गळणं हा गमतीचा विषय नाही.

चौथा_गिअर | रविवार, रात्री ८:४०

इन्सुलेटरच्या जागी खरंच कागदी पॅकिंग निघालं. नाना पेठेत दुसऱ्या दुकानात जाडा मिळाला. पाय दाबून धरायची रीत चालली, घाटमाथा, धन्यवाद. पाइप उद्या बदलतो.

आणखी एक शंका. टायमिंग मागे आणल्यापासून आयडल खाली गेलंय, सिग्नलला गाडी बंद पडते. आयडलचा स्क्रू आवळू?

टॅपेट_काका | रविवार, रात्री ९:०५

आवळा. टायमिंग पुढे होतं म्हणून आयडल आपोआप वर होतं, आणि तुमच्या त्या मेकॅनिकने स्क्रू ढिला करून ते खाली आणलं असणार. आता स्क्रू परत आवळा, मग मिश्रणाचा स्क्रू इंजिन सर्वांत गुळगुळीत फिरेल तिथे, मग परत आयडल. ई२०ला हवेच्या मानाने पेट्रोल थोडं जास्त लागतं, तेव्हा मिश्रणाचा स्क्रू जुन्या जागेपेक्षा जरा बाहेर आला तर घाबरू नका.

हे झालं की टायमिंग लाइट परत लावून एकदा बघा. आयडल फार वर ठेवलंत तर वजनं तिथेच उघडायला लागतात आणि वाचन चुकीचं येतं. खूण आयडलला थरथरत पुढे-मागे होत असेल तर आयडल अजून वर आहे.

ग्रीन_टॅक्स_गिरीश | रविवार, रात्री ९:१२

नवा धागा काढलाय, तिथे कुणी येत नाही. निदान काकांनी तरी यावं.